साठीनंतरचा व्यायाम: रोजच्या चालण्याला कशाची जोड द्यावी

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेतीन-चार किलोमीटर चालतात. पाऊस असला तर इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात, पण चालणे चुकवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी घरी सत्यनारायण होता. ते पाटावर तासभर मांडी घालून नीट बसले, आणि आरतीला उभे राहायची वेळ आली तेव्हा त्यांना उठताच येईना. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा आधारासाठी चौरंगाकडे गेला, चौरंग हलला, कलशातले पाणी सांडले, आणि शेवटी माझ्या भावाने व मेहुण्याने काखेत हात घालून त्यांना उभे केले. ‘पायाला मुंग्या आल्या होत्या,’ असे ते सगळ्यांना सांगत राहिले. खरे कारण असे होते की मांड्यांमधली ताकद गेली होती आणि रोजच्या चार किलोमीटरांना ती राखता आली नव्हती.

त्यानंतर जे वाचले, फिजिओथेरपिस्टकडून जे शिकून घेतले आणि घरात जे करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडतो. चालणे उत्तमच आहे आणि ते कोणीही सोडू नये. मात्र उतारवयात हिंडण्या-फिरण्याची मोकळीक आणि डोक्याची तरतरी दोन्ही टिकवायची असेल, तर त्याला ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामाची जोड हवी, हे आपल्याकडे अजून फारसे कोणी सांगत नाही.

वयाबरोबर काय कमी होते

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. स्नायूंच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते, आणि झटकन जोर लावण्याची क्षमता त्याहूनही आधी जाते. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून स्वतःला सावरणे हे ज्या जलद स्नायुतंतूंचे काम असते, तेच तंतू म्हातारपणी सर्वाधिक बारीक होतात. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना या तंतूंना फारसे काम पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे चालणारा माणूसही खालच्या खुर्चीतून उठताना हातांचा आधार शोधू लागतो.

दिलाशाची गोष्ट अशी की गेलेली ताकद परत मिळवण्याला वयाची अट नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम करून घेण्यात आला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. संख्या लहान होती हे खरे, पण त्यानंतरच्या तीन दशकांतल्या मोठ्या प्रयोगांनीही याच दिशेचे निष्कर्ष दिले. उलट बाजूही तितकीच ठळक आहे. निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवले तर पायांचे सुमारे एक किलो स्नायू झडतात, असे २००७ च्या एका छोट्या अभ्यासात दिसले. आजारपणानंतर ‘आता आराम करा, काही उचलू नका’ असे आपण प्रेमाने सांगतो, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

पडण्याबाबतचा पुरावा तर फारच भक्कम आहे. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ सहभागी होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि हा फायदा प्रामुख्याने तोलाच्या व ऊठबस करण्यासारख्या व्यायामांतून आला. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांबाबत मात्र तसे ठामपणे म्हणता आले नाही. रक्तदाब, साखर, झोप आणि मन यांना व्यायामाने होणारा लाभ सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

मेंदूला काय मिळते, आणि काय मिळत नाही

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे ‘व्यायामाने स्मरणशक्ती वाढते’ असे कोणी म्हटले की सगळे कान टवकारतात. यात तथ्य आहे, पण मर्यादाही आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

व्यायाम करताना मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सुधारतो, रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकते, आणि चेतापेशींची वाढ व जोडणी यांना मदत करणारी काही प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. नव्या आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो आणि उतारवयात तो दरवर्षी थोडा आक्रसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात १२० ज्येष्ठांचे दोन गट केले होते. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटांपर्यंत भरभर चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने ताण देण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी आक्रसला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतके स्वच्छ चित्र दिसले नाही.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका थोडा अधिक असलेल्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तिथे व्यायामाबरोबर आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असे सगळे एकत्र केले होते, आणि त्या गटाची आकलनक्षमता तुलनेत चांगली राहिली. याउलट अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात चालणे, ताकद आणि तोल यांच्या व्यायामाने चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला, पण दोन वर्षांनंतरच्या बौद्धिक चाचण्यांत एकूण गटात फरक दिसला नाही. ऐंशीच्या पुढच्यांत मात्र थोडा लाभ आढळला. माझ्या मते यावरून घरातल्या माणसाने एवढेच धरून चालावे की व्यायाम ही स्मरणशक्तीची गोळी नाही. रक्तदाब, मधुमेह, खिन्नता, एकटेपणा या मेंदूला पोखरणाऱ्या गोष्टींवर तो एकाच वेळी काम करतो, आणि तो लवकर सुरू करून वर्षानुवर्षे चालवला तर त्याचा उपयोग अधिक होतो.

पहिली पायरी: आज आपण कुठे आहोत ते मोजणे

व्यायाम सुरू करण्याआधी तीन साध्या चाचण्या घरीच कराव्यात, शेजारी कोणीतरी उभे असावे, आणि आकडे लिहून ठेवावेत.

पहिली चाचणी खुर्चीची. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ताकद सरासरीहून कमी समजतात. ७५ ते ७९ या वयात हेच आकडे अनुक्रमे ११ आणि १० आहेत. हातांचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. वडिलांचा आकडा ७ आला. त्यांनी खुर्चीलाच दोष दिला आणि दुसरी आणायला लावली, तीवरही ७ च आला.

दुसरी चाचणी तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, एका रेषेत, आधाराशिवाय १० सेकंद उभे राहता आले पाहिजे. तिसरीत खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या गतीने चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानावे.

दुसरी पायरी: डॉक्टरांशी बोलणे

ज्याला काही त्रास नाही त्याने हलका व्यायाम सुरू करायला मोठ्या तपासण्यांची गरज नसते. पण चालताना छातीत दडपण येणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येऊन पडणे, गेल्या काही महिन्यांत हृदयविकार, पक्षाघात, हाड मोडणे किंवा शस्त्रक्रिया झालेली असणे, रक्तदाब आवाक्यात नसणे, यांतले काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. औषधांची यादीही दाखवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही, म्हणून नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे अशांना लागू पडत नाही. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फिरायला जाऊ नये आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. घाम फुटला, हातपाय कापू लागले तर थांबून तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.

तिसरी पायरी: ताकद, आणि तिची सुरुवात खुर्चीपासून

पहिले दोन आठवडे एकच व्यायाम नीट शिकला तरी पुरे. जोर-बैठकांची परंपरा असलेल्या आपल्या मुलखात याला खुर्चीची बैठक म्हणायला हरकत नाही.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावावी. बैठकीच्या पुढच्या काठावर सरकून बसावे. पावले खांद्यांइतकी लांब ठेवावीत आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, कारण पाय पुढे पसरून उठता येत नाही आणि बहुतेक ज्येष्ठ हीच चूक करतात. छाती पुढे झुकवावी, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. टाचांवर जोर देत, श्वास सोडत उभे राहावे. ताठ उभे झाल्यावर क्षणभर थांबावे. मग खरा व्यायाम सुरू होतो: मोठ्याने एक ते पाच आकडे म्हणत, हळूहळू खाली यावे आणि खुर्चीवर अलगद टेकावे. धपकन बसले की निम्मा फायदा गेला. आकडे मोठ्याने म्हणण्यामागे कारण आहे. जोर लावताना श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो, आणि बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही.

आठ वेळा करावे, दोन मिनिटे बसावे, पुन्हा आठ वेळा करावे. मुळीच जमत नसेल तर बैठकीवर घडी घातलेली जाड चादर ठेवून उंची वाढवावी किंवा सुरुवातीला हात असलेली खुर्ची घ्यावी. दोन्ही खेपांत बारा वेळा सहज होऊ लागले की चादर काढावी, नंतर छातीशी दोन किलो तूरडाळीचा डबा धरावा. शेवटच्या दोन-तीन बैठका कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. ज्या व्यायामात कष्ट वाटत नाहीत त्याने ताकद वाढत नाही, एवढा एक नियम लक्षात ठेवला तर बाकीचे तपशील थोडेफार चुकले तरी चालतात.

तिसऱ्या आठवड्यापासून आणखी चार व्यायाम जोडावेत. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून भिंतीवर जोर काढावेत. ते सोपे झाले की स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात टेकून काढावेत. ओटा धरून टाचा उचलाव्यात आणि सावकाश टेकवाव्यात. पोटऱ्यांची ही ताकद चालण्याचा वेग ठरवते. ओटा धरूनच एकेक पाय बाजूला उचलावा आणि धड मात्र झुकू देऊ नये. आणि रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून, दोन्ही कोपरे मागे नेत ओढावा, म्हणजे पोक काढून बसण्याने कमजोर झालेली पाठ कामाला लागते. पट्टा नसेल तर दोन्ही हातांत एकेक लिटर पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात आणि किंचित पुढे वाकून त्या कमरेपर्यंत ओढाव्यात. बाजारातून येताना भाजीचे वजन दोन पिशव्यांत सारखे वाटून स्वतः आणणे हाही मुठीचा आणि पाठीचा उत्तम व्यायाम आहे. सुना-मुलांनी ती पिशवी हातातून काढून घेण्याची घाई करू नये.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावा. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणे स्वाभाविक आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांना व्यायाम वर्ज्य नाही, उलट मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. हलके दुखणे चालेल. पण दुखणे वाढत गेले, सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत कळ राहिली, तर बैठकीची उंची वाढवावी आणि संख्या कमी करावी.

चौथी पायरी: तोल

तोलाचा सराव स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कोपऱ्यात करावा, कारण तिथे दोन बाजूंना आधार मिळतो. जमीन कोरडी असावी आणि पायपुसणे बाजूला काढलेले असावे. आधी पावले जुळवून उभे राहावे. मग एक पाऊल अर्धे पुढे, मग टाचेला बोटे लावून, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक टप्पा ३० सेकंद हात न लावता जमला की पुढचा घ्यावा. हात ओट्यावरून दोन बोटे वर तरंगता ठेवावा, तोल गेला की लगेच धरता येतो. तोल थोडा डळमळला पाहिजे, त्या डळमळण्यातूनच शरीर शिकते. डोळे मिटून करायचे असेल तर कोणीतरी शेजारी हवेच. यानंतर ओट्याच्या कडेने टाचेला बोटे लावत चालणे, आडवे चालणे आणि उलटे चालणे करावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढच्या व्यक्तींनी तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. त्याच मार्गदर्शनात मध्यम गतीचा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे सांगितला आहे. आपण नेमके हे १५० मिनिटे तेवढे उचलले आणि बाकीचे सोडून दिले.

पाचवी पायरी: चालणे, पण थोडे वेगळे

चालताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण आरतीचे कडवे सलग म्हणता येऊ नये, इतकी गती असावी. कट्ट्यावरच्या मित्रमंडळींबरोबर गप्पा मारत रमतगमत चालणे मनाला फार चांगले, पण हृदयाला ते पुरत नाही. गती वाढवण्याची सोपी रीत अशी: दोन विजेच्या खांबांमधले अंतर भरभर चालावे, पुढची दोन अंतरे संथ, पुन्हा एक भरभर. सुरुवातीला असे चार वेळा, महिनाभरात आठ वेळा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ऊन तापण्याआधी घरी परतावे. शहरात थंडीच्या दिवसांत पहाटेच्या धुरकट हवेत बाहेर पडण्यापेक्षा थोडे उशिरा निघावे, विशेषतः दम्याचा त्रास असेल तर.

शरीर आणि बुद्धी यांची गाठ जिथे पडते ते येथे सांगण्यासारखे आहे. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नोंदवले की वृद्धनिवासातील जी माणसे कोणी बोलायला लागले की चालता चालता थांबत, ती पुढच्या काळात पडण्याची शक्यता बरीच अधिक होती. वयस्कर मेंदूला चालणे आणि विचार करणे ही दोन कामे एकत्र पेलणे जड जाते. म्हणून ही दोन कामे एकत्र करण्याचा सरावच करावा, तोही रहदारी नसलेल्या सपाट जागी. त्यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीकडे शाळेत पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी आहेत. वडील पार्किंगमध्ये चालता चालता पाऊणकी म्हणू लागले तेव्हा साताच्या पाऊणपटीशी अडखळले, आणि अडखळताच त्यांचे पायही थांबले. ‘सव्वापाच’ असे ओरडून ते पुन्हा चालू लागले. पाढे नको असतील तर अक्षरावरून गावांची नावे, भाज्यांची नावे, शंभरातून सात-सात वजा करणे, काहीही चालेल.

नृत्याबाबतही उत्साहवर्धक माहिती आहे. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांपुढच्या ४६९ जणांचा काही वर्षे पाठपुरावा केला तेव्हा शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. हे २००३ चे निष्कर्ष निरीक्षणावर आधारलेले आहेत, त्यामुळे नृत्यामुळेच तसे झाले असे म्हणता येत नाही. तरी ताल, पदन्यास लक्षात ठेवणे, जोडीदाराशी जुळवून घेणे आणि हसणे हे सगळे एकत्र येते हे खरे. मंगळागौरीचे खेळ करणारे साठी-सत्तरीतल्या बायकांचे गट आता गावोगाव आहेत. झिम्मा आणि फेराच्या खेळांनी सुरुवात करावी. हाडे ठिसूळ असल्यास फुगडी आणि पिंगा यांच्यापासून दूर राहावे, गाणी म्हणायला कोणाची ना नाही.

सहावी पायरी: जमिनीवरून उठणे

आपल्या घरांत पूजा, पंगत, नातवंडांशी खेळ, सगळे जमिनीवर चालते, आणि पडल्यानंतर स्वतःच्या बळावर उठता येणे हा तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सतरंजीवर, शेजारी घट्ट खुर्ची ठेवून हा क्रम शिकावा: कुशीवर वळावे, कोपरावर उठावे, हात आणि गुडघे टेकून चारी अंगांवर यावे, खुर्चीकडे सरकावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवावे आणि हातांनी दाबत उठावे. खाली बसताना हाच क्रम उलटा. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन वेळा पुरे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर शल्यविशारदांना विचारल्याशिवाय हे करू नये. खुर्चीच्या बैठका दहाच्या वर गेल्याखेरीज ही पायरी घेण्याची घाईही करू नये.

योगासने आणि सूर्यनमस्कार यांबाबत दोन शब्द

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तेव्हापासून मराठी घरांना त्यांचे अप्रूप आहे, आणि ज्यांचा आयुष्यभराचा सराव आहे त्यांनी तो जरूर चालू ठेवावा. सत्तराव्या वर्षी नव्याने सुरू करणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी पाहाव्यात. हाडे ठिसूळ झालेली असताना पाठ गोल करून पुढे वाकण्याने मणक्यांवर दाब येऊन ते खचू शकतात. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी कपालभाती आणि श्वास कोंडून धरणे टाळावे. भिंतीला हात लावून वृक्षासन, खुर्चीवर बसून हातांच्या हालचाली, शांत श्वसन हे बहुतेकांना चालते. प्राणायामाने मन स्थिर होते, पण अर्धा तास प्राणायाम केला म्हणून मांड्यांच्या व्यायामातून सुटका नाही.

आठवडा कसा लावावा

आमच्या घरी सोमवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी आधी दहा मिनिटे तोल आणि वीस मिनिटे ताकद असते, चालणे त्या दिवशी थोडेच. मंगळवार, गुरुवार, शनिवारी ४० मिनिटे चालणे, त्यात खांबांची भरभर चाल आणि पाढे. रविवारी देवळापर्यंत किंवा मंडईपर्यंत जाऊन येणे. ज्याला इतके झेपत नाही त्याने दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे करावीत, तुकड्यांत केलेला व्यायामही जमेस धरला जातो. दूरचित्रवाणीसमोर बसण्याचे तास मोडण्यासाठी प्रत्येक जाहिरातीला एकदा उठणे ही युक्ती आईने काढली आणि तिच्या मालिकांमध्ये जाहिराती किती असतात ते पाहता ती वडिलांच्या पुढे जाईल असे दिसते.

खाण्याबाबत एकच मुद्दा. स्नायू बांधायला प्रथिने लागतात. मूत्रपिंडे ठीक असलेल्या ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. चहा-बिस्किटे, रात्री वरणभात आणि लोणचे एवढ्यावर हे जमत नाही. दूध-दही, पनीर, उसळी, पिठले, चालत असेल तर अंडी आणि मासे हे तिन्ही वेळच्या जेवणांत वाटून घ्यावे.

केव्हा थांबावे

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण, एकाएकी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. ताप, जुलाब किंवा रात्रभर झोप नाही अशा दिवशी विश्रांती घ्यावी. आजारपणातून उठल्यावर पूर्वीच्या निम्म्या संख्येपासून सुरुवात करावी, पण सुरुवात लवकर करावी.

विसरणे सुरू झालेले असेल तर

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्यांच्या घरी व्यायामाकडून मोठ्या अपेक्षा ठेवल्या जातात. इंग्लंडमध्ये अशा ४९४ जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. जोरकस व्यायामाने त्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणून व्यायाम करावा तो ऊठबस, झोप आणि मन:स्थिती यांसाठी. सूचना एका वेळी एकच द्यावी, करून दाखवावी, वेळ आणि जागा रोज तीच ठेवावी, ओळखीची गाणी लावावीत, आणि चुकल्यास दुरुस्त करण्यापेक्षा बरोबर करत राहावे. बाहेर एकट्याने पाठवू नये. नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड खिशात असावे.

नोंद

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाच्या चौकोनात बैठकांचा आकडा लिहावा आणि ३० सेकंदांची चाचणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सलग दोन चाचण्यांत आकडा घसरला आणि कारण कळत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, कारण ताकदीची अशी घसरण कधीकधी थायरॉइड, रक्तक्षय, खिन्नता किंवा एखाद्या नव्या गोळीमुळे होते. आमच्या दिनदर्शिकेत दूधवाल्याच्या लिटरांशेजारी वडिलांचे आकडे आहेत: पहिल्या तिमाहीत ७, मग ९, मग तापामुळे ८, मग ११. गेल्या श्रावणात पुन्हा सत्यनारायण झाला. ते पाटावर बसले, आरतीच्या वेळी एक हात गुडघ्यावर दाबून स्वतः उठले, आणि मेहुण्यांनी पुढे केलेला हात त्यांनी घंटा हातात देऊन कामाला लावला.